शिळी ठरलेली सहा ढगचित्रे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका बुधवारी, दुपारी बारा ते अडीच या वेळेत उपग्रहाने टिपलेली सहा ढगचित्रे अमरावतीच्या आमच्या संगणक केंद्रापर्यंत आली, पण तिथून पुढे अकोल्याला गेली नाहीत. आमच्या यंत्राने ती टाकून दिली. त्या वेळी अकोल्यात शेतकी संशोधनाच्या एका तुकड्यावर चाळीस वंशांचे सोयाबीन कापून उन्हात पसरलेले होते. ज्या संशोधक बाईंचे ते आठ वर्षांचे काम होते, त्या अधूनमधून पडद्यावरचे ढगचित्र पाहत होत्या. पडद्यावर आकाश निरभ्र होते. चार वाजून वीस मिनिटांनी पाऊस सुरू झाला.

मी विद्यापीठाच्या त्या केंद्रात चौदा वर्षे काम केले. त्याआधी नऊ वर्षे अमरावतीतल्याच एका दैनिकात उपसंपादक होतो. वऱ्हाडात शेतीने माणसे खचत होती ती ही वर्षे. आमच्या दैनिकात पहिल्या पानाच्या तळाला तेव्हा रोज एक छोटी बातमी जायची. गावाचे नाव आणि वय बदलायचे, उरलेला मजकूर तोच असायचा. तो मजकूर मी किती वेळा लावला याची मोजदाद ठेवली नाही. संगणक केंद्रात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला.

केंद्रातले काम सांगायचे तर आधी एक गोष्ट समजावून घ्यावी लागेल. उपग्रहाची चित्रे तेव्हाही काढली जात होतीच. ती विद्यापीठांना मिळतही होती, पण तबकडीवर, टपालाने, मागणीपत्र पाठवल्यानंतर काही आठवड्यांनी. अभ्यासाला ती चालत. आज दुपारी काय होणार हे ठरवायला चालत नसत. आम्ही जी प्रणाली बसवली ती या अडचणीवर होती. परदेशातल्या काही विद्यापीठांतल्या लोकांनी ती स्वतःसाठी लिहिली होती आणि मागेल त्या विद्यापीठाला फुकट देत होते. तिचे काम एका वाक्यात मावते : वरच्या यंत्राकडे नवे काही आले की ते लगेच आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि खालच्या यंत्राला द्यायचे. मध्ये मुख्य कार्यालय नाही, मंजुरी नाही, साठवणूकही नाही. उपग्रह चित्र घेतो, दूरच्या एका संस्थेची छत्रीसारखी अँटेना ते पकडते, तिथून ते एका विद्यापीठाकडे, त्याच्याकडून आमच्याकडे, आमच्याकडून अकोल्याला. अर्ध्यापाऊण तासात ढग वरून खाली टेबलावर.

प्रणालीला तीन अक्षरी इंग्रजी नाव होते. केंद्रात ते कोणी वापरले नाही. आमचे सहायक गावंडेभाऊ मूर्तिजापूरकडचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचे नाव ‘पाट’ ठेवले. पाटाला जसे वरचे आणि खालचे शेत असते तसे आमच्यात ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द रुळले. वरच्याने दार उघडले नाही तर खालचा कोरडा. अमरावती मधली होती. अकोला आमचा खालचा होता.

ती बसवायला पावणेतीन महिने लागले. कुठे अडले की मी रात्री त्या लोकांच्या ई-मेलच्या टपालयादीवर प्रश्न लिहून ठेवायचो आणि सकाळी उत्तर आलेले असायचे. उत्तर देणारा माणूस कोण, किती वयाचा, मला आजही माहीत नाही. एकदा त्याने विचारले होते, तुमच्या देशाची वेळ ग्रीनिचच्या खरोखरच साडेपाच तास पुढे आहे का, की तो अर्धा तास तुमची टंकनाची चूक आहे? मी कळवले, अर्धा तास खरा आहे. त्याने त्या रात्री प्रणालीत त्यासाठी एक दुरुस्ती केली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला पाठवली. आमच्या अर्ध्या तासासाठी.

पहिले चित्र आले ते सप्टेंबरात, दुपारी. पडद्यावर ते वरून खाली, एकेक पट्टी करत उतरत होते. आधी सातपुड्याची काळपट कड आली. मग मेळघाट, गडद. मग पूर्णेचे खोरे, फिकट. त्याखाली सगळा वऱ्हाड, आणि त्यावर कापूस पिंजून टाकावा तसे ढग. केंद्रात आम्ही तिघे होतो. चित्रात अमरावतीच्या वायव्येला एक ढग होता. गावंडेभाऊ उठून व्हरांड्यात गेले, मान वर करून पाहिले आणि परत आले.

“हाय,” ते म्हणाले. “तोच हाय. आता डोक्यावर आला.”

मग आम्ही दोघेही बाहेर जाऊन पाहून आलो. ढग होता. छत्तीस हजार किलोमीटरवरून त्याचा फोटो निघाला होता, तो तीन गावे फिरून आमच्यापर्यंत पोचला होता, आणि ढग स्वतः अजून चालतच होता. नऊ वर्षे तारयंत्रावरून बातम्या उतरवल्या होत्या. पण बातमी ही घडून गेलेल्या गोष्टीची असते. जी गोष्ट अजून घडते आहे तिच्यासमोर मी पहिल्यांदा उभा होतो.

ही गोष्ट गावात पसरली. चांदूरकडचा एक म्हातारा टोपी हातात घेऊन केंद्रात आला.

“तुमच्या इथून समदं दिसते म्हनते,” तो गावंडेभाऊंना म्हणाला. “माही म्हैस चार दिवसांपासून सापडून नाई राहिली. जरा पाहून द्या.”

“काका, यातला एक ठिपका दोन किलोमीटरचा हाय. तुमची म्हैस केवढी हाय?”

म्हाताऱ्याने विचार केला. “म्हैस मोठी हाय बाप्पा. पन एवढी नाई.”

त्याने तरी पडद्याजवळ बसून एक पूर्ण चित्र उतरताना पाहिले. जाताना म्हणाला, “भगवंताले असंच दिसत असंल. म्हैस नाई, ढगच दिसत असतीन.”

आमच्या खालच्याकडे, अकोल्यात, या चित्रांची खरी गरज असलेली व्यक्ती एकच होती. डॉ. तायडे मॅडम. त्या सोयाबीनच्या पैदासकार. त्यांचे काम असे : दोन वाणांचा संकर करायचा, त्यातून आलेल्या हजारो झाडांतून चांगली निवडायची, निवडलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळे पेरायचे, त्यातून पुन्हा निवडायचे, असे आठ हंगाम. एका झाडापासून चाललेल्या अशा वंशाला ते लोक ‘ओळ’ म्हणतात. आठव्या वर्षी त्यांच्याकडे चाळीस ओळी उरल्या होत्या. त्या वर्षी ऑगस्टात पावसाने वीस दिवस दडी मारली. शेजारच्या सगळ्या तुकड्यांवर झाडांनी शेंगा गाळल्या. एकतीस नंबरच्या ओळीने गाळल्या नाहीत.

मॅडमनी हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा आवाज हळू झाला होता. कोणी ऐकेल या भीतीने बोलावे तसा.

“एकही नाही गळली,” त्या म्हणाल्या. “मी तीनदा मोजलं. माझा विश्वास बसत नाहीये.”

पावसाचा खंड सोसणारे सोयाबीन त्या वर्षांत वऱ्हाडाला काय उपयोगाचे होते, हे वेगळे लिहायला नको. पण एकतीस नंबरचे बी फक्त त्या तुकड्यावर होते. रिवाजाप्रमाणे प्रत्येक ओळीचे आधीच्या वर्षीचे थोडे बी शीतकपाटात राखून ठेवतात. उन्हाळ्यात बारा-बारा तासांचे भारनियमन होते. कपाट बंद पडत राहिले आणि त्यातल्या बियांची उगवण गेली. म्हणजे जे होते ते सगळे जमिनीवर पसरलेले होते.

कापलेले सोयाबीन दोन-तीन दिवस उन्हात वाळवावे लागते. वाळले की मळणी. भिजले तर शेंगेतच कोंब फुटतात. ओले असताना गोळा करून ताडपत्रीखाली झाकले तरी आत उबते आणि बी मरते. त्यामुळे पाऊस येईल या नुसत्या शंकेने ते उचलता येत नाही. उचलण्यालाही किंमत आहे. शिवाय चाळीस ओळी एकमेकींत मिसळून चालत नाहीत. प्रत्येकीची झाडे वेगळी, चिठ्ठी वेगळी, शेंगा तडकू नयेत म्हणून हात हळू. माणसे पाच होती. सगळा तुकडा उचलायला तासाहून जास्त वेळ लागणार होता.

सरकारी अंदाज ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ असा होता. ऑक्टोबरात तो रोजच तसा असतो. मॅडमनी ठरवले की गुरुवारी सकाळपर्यंत वाळू द्यायचे आणि बुधवारी दिवसभर ढगचित्रांवर नजर ठेवायची. बुलढाण्याच्या बाजूला पांढरे दिसले की उचलायचे. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारले, “उद्या चित्रं नियमित येतील ना?”

मी म्हणालो, “येतील.”

बुधवारी सकाळी मी अमरावतीत नव्हतो. रिद्धपूरला माझी मावशी आजारी होती, तिला भेटून साडेअकराला केंद्रावर पोचलो. सकाळी वीज गेली होती आणि आली होती. यंत्र गावंडेभाऊंनी चालू केले होते. चित्रे येत होती. मी परीक्षेच्या कामाला लागलो, कारण त्या आठवड्यात परीक्षा विभागाचे अर्ज आमच्याच एका दूरध्वनी तारेवरून जात होते आणि दुपारनंतर ती तार तुंबायची.

पुढचे अकोल्याचे. हे मला नंतर मॅडमनी आणि सलीमभाईंनी वेगवेगळे सांगितले आणि दोघांचे जुळते.

सलीमभाई त्या तुकड्यावरचे क्षेत्र सहायक. तीस वर्षे तिथेच. घर बाळापूरला, थोडी शेती. पैदासीच्या नोंदी मॅडमच्या वहीत असतील, पण कोणती ओळ कोणत्या वर्षी कुठे होती हे सलीमभाईंना तोंडपाठ. ढगचित्रांचा संगणक आला तेव्हापासून जेवणाच्या सुटीत ते त्याच्यासमोर जाऊन बसत. काही विचारत नसत, नुसते पाहत.

मॅडमनी बारानंतर चित्र पाहिले, निरभ्र. एकला पाहिले, निरभ्र. दोनला पाहिले. तीनला त्या पुन्हा आल्या तेव्हा सलीमभाई पडद्यासमोर उभे होते.

“मॅडम, हे अटकून हाय.”

“काय अडकलंय?”

“फोटो. कोपऱ्यात पाहा. जोहरच्या आधी सहा होते. मी नमाज पढून आलो, जेवलो, आता तीन वाजून राहिले, तरी सहाच हायत.”

चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असे, पण ती ग्रीनिचची. आपले साडेअकरा म्हणजे तिथले सहा. साडेपाच तास मिळवायचा कंटाळा म्हणून तो आकडा अकोल्यात कोणी वाचत नसे. मॅडमही नाही.

“सलीमभाई, तो आकडा ग्रीनिचचा आहे,” त्या म्हणाल्या.

“असंल जी. पन ग्रीनिचचं घड्याळ बंद थोडीच पडते?”

तीन वाजून दहा मिनिटांनी केंद्रात फोन वाजला.

“साडेअकरानंतर एकही चित्र आलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी तीन तास एकच चित्र बघतेय.”

मी पडदा पाहिला. आमच्याकडेही साडेअकराचेच होते. स्वच्छ, मोकळा वऱ्हाड. नवे चित्र आले नाही तर जुने पुसले जात नाही, तसेच राहते. हे मला माहीत होते आणि त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नव्हते.

“दहा मिनिटं द्या,” मी म्हणालो.

प्रणाली आपल्या प्रत्येक हालचालीची एक ओळ लिहून ठेवते. ते पान उघडले. बाराचे चित्र आले होते. साडेबाराचे आले होते. सगळी आली होती. प्रत्येकापुढे एकच शेरा होता : तासाहून जुने, टाकून दिले. मी पाहत असताना अडीचचे चित्र आले आणि तेही टाकून दिले गेले.

हा नियम आम्हीच घातला होता. तार तुंबली की जुनी चित्रे नव्यांची वाट अडवतात, म्हणून तासाहून शिळे झालेले चित्र घ्यायचे नाही असे प्रणालीला सांगून ठेवले होते. पण अडीचचे चित्र तीन वाजून अठरा मिनिटांनी आले होते. अठ्ठेचाळीस मिनिटे. ते शिळे कसे?

यंत्रावरची वेळ पाहिली. तीन वाजून चौतीस. मनगटावरचे घड्याळ पाहिले. तीन वाजून एकोणीस. भिंतीवरचे पाहिले. तीन चौतीस.

इथे भिंतीवरच्या घड्याळाबद्दल सांगायला हवे. आमच्या केंद्रातले निम्मे लोक बडनेऱ्याहून गाडी धरून अपडाऊन करणारे होते. अमरावतीहून बडनेऱ्याला पोचण्यात कोणाची गाडी चुकू नये म्हणून भिंतीवरचे घड्याळ कोणी तरी फार पूर्वी पंधरा मिनिटे पुढे केले होते. त्याला ‘बडनेरा टाईम’ म्हणत. विभागप्रमुखांनाही ते माहीत होते. कोणी विचारले किती वाजले, तर आम्ही घड्याळाकडे पाहून मनातल्या मनात पंधरा वजा करून खरी वेळ सांगायचो. इतकी वर्षे वजा करत आलो होतो की वजा करतो हे लक्षातही येत नसे.

यंत्राच्या आतला छोटा सेल संपला होता. वीज गेली की त्याची वेळ पुसली जाई. त्यासाठी मी एक सूचनापत्रक लिहून यंत्राला चिकटवले होते. त्यातली तिसरी सूचना : ‘यंत्र सुरू केल्यावर तारीख व वेळ घड्याळानुसार भरावी.’ रोज हे काम मीच करायचो, मनगटावरचे पाहून. त्या दिवशी गावंडेभाऊंनी केले.

“गावंडेभाऊ, सकाळी यंत्रात वेळ कुठून भरली?”

“कुठून म्हंजे? तुमीच लिहून ठेवलं ना, घड्याळानुसार. घड्याळ पाहून भरली.”

“भिंतीवरचं?”

“मंग काय सूर्य पाहून भरू काय?” ते म्हणाले, आणि मग वर भिंतीकडे पाहिले. “अरे देवा. बडनेरा टाईम.”

सकाळी तार मोकळी होती, चित्रे पस्तीस मिनिटांत येत होती. त्यात पंधरा मिळवली तरी पन्नास, म्हणून चालून गेली. बारानंतर अर्जांची गर्दी झाली, चित्रांना अठ्ठेचाळीस मिनिटे लागू लागली. त्यात पंधरा मिळवली की त्रेसष्ट. तीन मिनिटांनी प्रत्येक चित्र शिळे ठरत होते.

वेळ बरोबर केली. तासाची अट काढून चार तासांची केली आणि वरच्या यंत्राकडे बारापासूनची सगळी चित्रे पुन्हा मागितली. वरच्याकडे ती होती. पण तार तुंबलेलीच होती. त्या गतीने सहा चित्रांना दीड तास लागला असता. मी परीक्षा विभागाकडे जाणारी वायर उपसली.

अर्ध्या मिनिटात परीक्षा विभागाचे बाबू दारात.

“कोनं काढली वायर? साहेब, अर्धे फॉर्म गेले, अर्धे लटकले! पोरायचे नंबर काय मी हातानं लिहू?”

“पंधरा मिनिटं.”

“काहून पंधरा मिनिटं? काय जळून राहिलं?”

गावंडेभाऊ दारात आडवे उभे राहिले. “बाबूजी, चहा घ्या. पैसे मी देतो. पन वायरीले हात नका लावू.”

प्रणाली जुन्यापासून नव्याकडे पाठवते. मला अडीचचे आधी हवे होते. ती ऐकत नाही. बाराचे उतरले, निरभ्र. साडेबाराचे उतरले. त्यात मेहकरच्या बाजूला एक पांढरा ठिपका होता. चित्रावरची धूळ वाटावी एवढा. एकच्या चित्रात तो नखाएवढा झाला होता. दीडच्या चित्रात अंगठ्याएवढा, कडा तुटक, मधोमध झगझगीत. दीड तासात जे आकाशात घडले होते ते सात-आठ मिनिटांत माझ्यासमोर घडत होते. बाबू भांडायला आले होते ते चहाचा कप हातात घेऊन माझ्या खांद्यामागे उभे होते.

“हे काय वाढून राहिलं?” त्यांनी विचारले.

“ढग.”

“आपल्याकडे येते?”

दोनचे चित्र उतरले. येत होता. मी तीन पस्तीसला अकोल्याला फोन लावला. “मेहकरहून निघालाय. ईशान्येकडे. उचला.” फोन चालू असतानाच अडीचचे उतरू लागले. सातपुडा काळा, पूर्णेचे खोरे फिकट, आणि त्याच्या तोंडावर, खामगावपर्यंत, एक पांढरे शुभ्र फूल. इतके सुंदर काही मी त्या पडद्यावर नंतरही पाहिले नाही. ते एक तास जुने होते. एका तासात ते कुठे पोचले असेल हे मोजायला कागद लागला नाही.

अकोल्यात तेव्हा रखरखीत ऊन होते. तुकड्याच्या पश्चिमेला बाभळींची दाट रांग होती, तिच्यामागचे काही दिसत नव्हते. मॅडम स्कूटरवरून तुकड्यावर पोचल्या आणि लांबूनच ओरडल्या, “सलीमभाई, एकतीस आधी!”

“एकतीस अजून हिरवट हाय, मॅडम. तिले ऊन पाहिजे.”

“एकतीस आधी!”

त्यांनी आधी एकतीस नंबर उचलली, मग ज्या ओळींचे आकडे मॅडमना वहीशिवाय आठवत होते त्या, मग क्रमाने मिळतील त्या. पहिला थेंब पडला तेव्हा बाविसावी ओळ ताडपत्रीखाली गेली होती. तेविसावी पावसात उचलली. त्यानंतर मॅडमनी हात थांबवायला सांगितले, कारण भिजलेल्या चिठ्ठ्यांचे आकडे वाचता येईनात.

पाऊस शुक्रवारी पहाटेपर्यंत राहिला. उरलेल्या सतरा ओळींच्या शेंगांत कोंब फुटले. ताडपत्रीखालच्या ढिगाला दोन दिवस वारा मिळाला नाही. एकतीस नंबर सर्वांत आधी ठेवली होती, म्हणून सर्वांत खाली होती, आणि ती हिरवट होती. शुक्रवारी सकाळी मॅडमनी ढिगात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आत गरम होते.

त्याच दिवशी दुपारी मी अकोल्याला गेलो. इमारतीच्या लांब व्हरांड्यात फरशीवर तेवीस ओळी पसरलेल्या होत्या. मधून चालायला एक पाऊल जागा होती. मॅडम एका पाटावर बसून एकतीस नंबरच्या शेंगा हाताने सोलत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले : सेल, सूचनापत्रक, भिंतीवरचे घड्याळ. ‘घड्याळानुसार’ हा शब्द माझा होता हेही सांगितले. नऊ वर्षे दुसऱ्यांच्या बातम्यांत ‘कोणते, कुठले, केव्हा’ असे शेरे मारण्याची नोकरी केलेल्या माणसाने लिहिलेला शब्द.

त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचं घड्याळ पुढे होतं. माझ्यासमोर तर वेळ छापलेली होती.”

सलीमभाई व्हरांड्याच्या टोकाला उकिडवे बसले होते. त्यांनी विचारले, “साहेब, तो ढग मेहकरून निघाला तवा केवढा होता?”

मी बोटाने ठिपका दाखवला.

“बस, एवढासा?” ते म्हणाले. मग बराच वेळ आपल्या बोटाच्या टोकाकडे पाहत राहिले. “आन् तो तुमाले वरून दिसला.”

“दिसला. पण उशिरा.”

“दिसला ना पन,” ते म्हणाले.

हिवाळ्यात मॅडमनी एकतीस नंबरच्या दहा बिया ओल्या कागदात ठेवून पाहिल्या. एकही उगवली नाही. अजून दहा वापरून पाहाव्यात असे त्यांच्या वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी नकार दिला. जे उरले ते सगळे जमिनीत घालणार, असे त्यांनी लेखी कळवले. पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर झाला. एकतीस नंबरचे उरलेले सगळे बी सलीमभाईंनी एकेक करून टोकले, दोन बोटे खोल. आमच्या केंद्रातून त्यानंतरच्या नऊ दिवसांत प्रत्येक चित्र वेळेत गेले. नोंदीचे पान माझ्याकडे आहे.

दहाव्या दिवशी सकाळी मी अकोल्याला होतो. मॅडम तुकड्याच्या बांधावर थांबल्या, आत आल्या नाहीत. सलीमभाई एका टोकाकडून उगवलेली रोपे मोजत निघाले, मी दुसऱ्या. मध्ये भेटलो तेव्हा आम्ही एकमेकांना काही सांगितले नाही, उरलेली ओळ आपापली मोजून पूर्ण केली आणि बांधावर येऊन प्रत्येकाने मॅडमना आपापला आकडा सांगितला. दोघांचाही आकडा अकरा होता.